भाऊजी 65 चे होतायत, कॅनडाला पाठवू का?

प्रश्न : नमस्कार, माझे भाऊजी एअरलाइनमध्ये कॅप्टन आहेत, येत्या डिसेंबरात 65 पूर्ण होतील. मेडिकल क्लिअर आहे, रोज पहाटे सोमेश्वरपर्यंत चालत जाऊन येतात, तरी आता घरी बसावं लागणार म्हणे. टोरंटोचा भाचा म्हणतो तिकडे वयाची अटच नाही, इकडे या. खरंय का हे? ताई तर बॅगा भरायच्या मूडमध्ये आहे.
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : ताईंना म्हणावं जरा थांबा. भाचा खोटं बोलत नाहीये पण अर्धंच सांगतोय. कॅनडात लायसन्सवर वयाची वरची मर्यादा नाही हे खरंच, ऑस्ट्रेलियातही नाही. पण विमान देशाबाहेर निघालं की इकाओचा नियम लागतो, इकाओ म्हणजे मॉन्ट्रियलची आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटना, आणि तो नियम 65 चा आहे. आता गंमत बघा, टोरंटोहून व्हँकूवरला जाणारं विमान म्हटलं तर देशातल्या देशात, पण वाटेत बऱ्याचदा अमेरिकेच्या आकाशातून जातं, मग तिथेही हा नियम आडवा येतो. म्हणजे लायसन्स चालू राहतं हो, पण उडवायचं कुठे हा प्रश्न उरतो. आणि इथलं लायसन्स तिकडे जसंच्या तसं चालत नाही, तिकडच्या परीक्षा द्या, वर्क परमिट काढा, या वयात कोण करणार ते सगळं!

वेगळं वय का म्हणाल तर प्रत्येक देशाने आपापल्या गरजेप्रमाणे ठरवलंय. अमेरिकेत 1959 साली 60 चा नियम आला, कारण अचानक हार्ट अटॅक वगैरे आला तर काय ही भीती, आणि तेव्हापासून पायलट लोक त्यावर भांडत होते, शेवटी डिसेंबर 2007 मध्ये कायदा होऊन 65 झालं. इकाओने त्याआधीच, 2006 मध्ये 65 केलं होतं, पण 60 च्या पुढचा एक असेल तर शेजारचा 60 च्या आतला हवा अशी अट होती, ती 2014 मध्ये काढली. जपानने तर 2015 मध्ये 64 वरून थेट 67 केलं, पायलटच कमी पडायला लागले होते ना. अमेरिकेतही 67 करायचा प्रयत्न झाला, 2023 मध्ये खालच्या सभागृहात पासही झाला, पण 2024 च्या फायनल कायद्यातून गळाला.

माझं मत विचाराल तर 65 हा आकडा काही शास्त्राने कोरून ठेवलेला नाही, 60 होता तेव्हाही लोक असंच छातीठोक सांगायचे. कॉकपिटमध्ये दोघं असतात, साठीनंतर मेडिकल दर सहा महिन्यांनी होतं, तरी कुठेतरी रेघ ओढावी लागते म्हणून ओढलीय.

भारतातही एअरलाइनसाठी 65 च. आणि हो, 65 वा वाढदिवस उजाडला की संपलं, त्यामुळे भाऊजींची शेवटची फ्लाइट आदल्या दिवसापर्यंतच. रोस्टरवाल्यांना आत्ताच सांगून तारीख धरा, ताईंना त्या फ्लाइटचं तिकीट काढता येईल. पुढे सिम्युलेटरवर शिकवायचं काम असतं, त्यात अनुभवी कॅप्टन लागतातच, त्याची चौकशी मात्र डिसेंबरची वाट न बघता करा.