आधी ‘गमत नाही’ हा शब्द शीक

नागपूर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

क्लिनिकल सायकॉलॉजी शिकायची आणि शिवाय ‘समाजासाठी काहीतरी’ करायचं, असं तू लिहिलंस. त्यातला ‘शिवाय’ मला खटकला. पेशंटची हिस्ट्री, म्हणजे आजाराची पूर्वकथा, कशी घेतेस, चाचणी कोणती निवडतेस, पुढची तारीख कोणती देतेस, यातच तुझं सामाजिक भान दिसणार आहे. रविवारच्या शिबिरांनी त्याची भरपाई होत नाही.

आधी कागदांचं उरकू. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी लागते. नुसतं एम.ए. किंवा समुपदेशनाचा सहा महिन्यांचा डिप्लोमा त्यासाठी पुरत नाही. आजवरचा मुख्य रस्ता दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम.फिल.चा होता. त्याच्या प्रवेशांना यूजीसीने 2025-26 पर्यंतच मुभा दिली आणि परिषदेने नवे अभ्यासक्रम आणले. म्हणून फी भरण्याआधी संस्थेचं नाव, अभ्यासक्रमाचं नेमकं नाव आणि मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे, हे परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः ताडून पाहा. ‘मान्यता प्रस्तावित’ या शब्दांवर एक रुपयाही भरू नकोस.

आता खरं काम. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या ओपीडीत ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत क्वचितच कोणी येतं. ‘मले गमत नाही’, ‘जीव घाबरते’, ‘डोक्स जड रायते’, असं सांगतात. ‘गमत नाही’, म्हणजे करमत नाही. तो एखाद्या संध्याकाळचा एकटेपणा असेल किंवा तीन महिन्यांपासून कशातच रस न उरणं. फरक विचारूनच कळतो. कधीपासून? वावरात गेल्यावर गमते का? नातवंड मांडीवर आलं तर? तेव्हाही नाही म्हणाले, तर झोप, भूक आणि जगण्याची इच्छा याच बैठकीत विचार. ‘त्रास 0 ते 10 मध्ये सांगा’ हे अनेक म्हाताऱ्या माणसांना परकं वाटतं. ‘सोळा आण्यांपैकी किती?’ विचारलं की उत्तर पटकन येतं. पेशंट गोंडी बोलत असेल आणि नातेवाईक दुभाष्या असेल, तर एका वेळी एकच छोटा प्रश्न विचार, आणि पेशंट जे बोलला ते तसंच सांगायला लाव. नाहीतर पाच मिनिटांच्या बोलण्याचं ‘काही नाही म्हणतो’ होतं.

आत्महत्येचा विचार आडून विचारू नकोस. ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ असंच विचार. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. होकार आला तर पुढचा प्रश्न: घरात फवारणीचं औषध कुठे ठेवलंय, किल्ली कोणाकडे? ते आजच घरातून हलवायचं, ही जबाबदारी एका माणसाचं नाव घेऊन ठरव, मानसोपचारतज्ज्ञांना त्याच दिवशी दाखव आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लिहून दे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चं कलम 115 पाठ असू दे. घरचे पोलिसांच्या भीतीने प्रयत्न लपवतात. त्या कलमानुसार, उलट सिद्ध झालं नाही तर, प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही.

चाचण्यांबाबत जास्त सावध राहा. मुलांसाठी अजून सर्रास वापरली जाणारी मलिन यांची बुद्धिमापन चाचणी नागपुरातच घडली, 1969 साली. पण इतक्या जुन्या मापांवर आजच्या मुलांचे गुण फुगतात. उलट, ज्याची शाळा बुडाली त्याचे माहिती आणि शब्दसंग्रहाचे गुण घसरतात. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांची शाळा दुखण्यामुळे वारंवार बुडते, आणि त्या आजारात कोणाच्या लक्षातही न येणारे छोटे आघात मेंदूला होऊ शकतात. म्हणजे गुण कमी आले तर दोन्ही शक्यता खुल्या ठेवून बालरोगतज्ज्ञांना विचारायला हवं. नुसता बुद्ध्यंक लिहून सही करणं हा त्या मुलावर अन्याय आहे. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचं पारडं दोन-चार गुणांनी फिरतं. चाचणी कोणत्या भाषेत घेतली, मूल किती वर्षं शाळेत गेलं, कुठल्या भागात अडलं, हे अहवालात लिहायचंच.

गडचिरोली, गोंदिया, छिंदवाड्याहून आलेल्या माणसाची एक फेरी म्हणजे तिकीट आणि दोघांची बुडालेली मजुरी. दर आठवड्याला बोलावलंस तर तो येणार नाही, आणि फाइलवर ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा पडेल. पहिली भेट शेवटचीच असेल असं धरून चाल: 45 मिनिटांतली शेवटची 10 पुढच्या योजनेला. आठवड्यात करायच्या दोनच गोष्टी, बाजाराच्या दिवसाला जोडून. लिहिता-वाचता येत नसेल तर चित्रात. पुढची भेट गोळ्या संपण्याच्या तारखेला.

गोळ्या देणं तुझं काम नाही, पण त्यांची जाण हवी. मे महिन्याच्या उन्हात लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध घेणारा माणूस घामाघूम होतो किंवा जुलाबाने कोरडा पडतो, तेव्हा रक्तातलं लिथियम वाढतं. हात जोरात थरथरताहेत, चाल डळमळते, बोलणं अडखळतं, अशा माणसाला चिंतेसाठी श्वासाचे व्यायाम शिकवत बसू नकोस. लगेच डॉक्टरांकडे पाठव.

पहिल्या तीन केसेस तीन रकान्यांत लिही: पेशंट काय म्हणाला, तू काय म्हणालीस, त्या क्षणी तुला काय वाटलं. तिसरा रकाना रिकामा ठेवायचा मोह होईल, ठेवू नकोस. नाव-गाव गाळ आणि वही घेऊन ये.