कोळसा खाणींविरुद्ध गावकरी आंदोलनं करतात, त्यातून खरंच काही साध्य होतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: छत्तीसगडमध्ये आणि आपल्या विदर्भात गावकरी वर्षानुवर्षं धरणं धरून बसतात, तरी खाणी सुरू होतातच. मग उपयोग काय? आणि वीज तर सगळ्यांनाच लागते ना?

साध्य होतं. पण पेपरात फोटो येतो मोर्चाचा, आणि खरं काम झालेलं असतं ग्रामसभेच्या ठरावात, जनसुनावणीच्या (मंजुरीआधी लोकांचं म्हणणं ऐकण्याच्या अधिकृत सभेच्या) इतिवृत्तात, माहिती अधिकारात मागवलेल्या कागदांत. ते बाहेरून दिसत नाही, म्हणून लोक हरले असं वाटतं. मी चंद्रपूरची आहे. वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या खाणी, ब्लास्टिंगने तडकलेल्या भिंती, गच्चीत वाळत घातलेल्या कपड्यांवरची काळी भुकटी हे सगळं बघत वाढले, त्यामुळे या विषयावर मी तटस्थ नाही, हे आधीच सांगते.

तुम्ही महाराष्ट्रात राहता असं गृहीत धरून तमनारबद्दल सांगते, कारण तिथल्या भांडणात आपण सगळे पक्षकार आहोत आणि बहुतेकांना ते माहीतच नाही.

तमनार हा छत्तीसगडच्या रायगढ जिल्ह्यातला आदिवासीबहुल भाग. (कोकणातला रायगड वेगळा.) केलो नदीचं खोरं, सालाची जंगलं, खाली कोळसा. तिथला गारे पेल्मा सेक्टर २ हा कोळसा ब्लॉक (खाणीसाठी आखलेला पट्टा) २०१५मध्ये महानिर्मितीला, म्हणजे महाराष्ट्र सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीला मिळाला. खाण चालवण्याचं कंत्राट अदानी समूहाकडे. सुमारे २,५८३ हेक्टर क्षेत्र, १४ गावं, वर्षाला २ कोटी ३६ लाख टन कोळसा. तो येणार कुठे, तर कोराडीचे ६६० मेगावॅटचे तीन संच, चंद्रपूरचे ५०० मेगावॅटचे दोन आणि परळीचा २५० मेगावॅटचा एक, अशा ३,२३० मेगावॅटसाठी. माझ्या घरातला पंखा ज्या केंद्राच्या विजेवर फिरतो, त्याच केंद्रासाठी तमनारच्या एखाद्या बाईचं मोहाचं झाड तोडायचं आहे.

या गावांनी काय केलं? आधी जनसुनावणीला विरोध केला. सप्टेंबर २०१९मध्ये डोंगामहुआला सुनावणी उरकण्यात आली आणि जुलै २०२२मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. इथे बहुतेक लोक म्हणाले असते, संपलं. गावकरी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायालयात गेले. जानेवारी २०२४मध्ये न्यायाधिकरणाने ती मंजुरी रद्द केली. जनसुनावणी नीट झाली नव्हती, आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या आरोग्यविषयक अभ्यासातल्या शिफारशींचा विचार झाला नव्हता, भूजलाचा अभ्यास अपुरा होता. सुनावणीच्या दिवशी कोण आत होतं आणि कोण बाहेर, कोणाचं म्हणणं नोंदलं गेलं नाही, हे गावकऱ्यांनी लिहून ठेवलं नसतं तर न्यायाधिकरणासमोर मांडायला काही उरलंच नसतं.

पुढचंही सांगते, कारण अर्धी गोष्ट सांगणं बरोबर नाही. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्राने मंजुरी पुन्हा दिली. नव्याने जनसुनावणी न घेता. जून २०२५मध्ये मुडागाव, सराईटोला भागात मोठ्या पोलिस बंदोबस्तात हजारो झाडं तोडली गेली. विरोध करणाऱ्यांना उचललं, त्यात स्थानिक आमदारही होत्या. तेव्हा चंद्रपुरात, नागपुरात, मुंबईत यावर किती चर्चा झाली? जवळपास शून्य. हे मला आजही सहन होत नाही. कंपनी आपली, वीज आपली, आणि आपल्या विधानसभेत त्या गावांची नावंसुद्धा कोणाला ठाऊक नाहीत.

तमनारचा हा पहिला लढा नव्हे. जानेवारी २००८मध्ये याच भागातल्या खम्हरियाला जिंदाल समूहाच्या खाणीसाठी सुनावणी झाली, तिथे लोकांवर लाठीमार झाला. रायगढमध्ये छोटं इंटरनेट कॅफे चालवणारे रमेश अग्रवाल माहिती अधिकारात कागद काढत राहिले, गावोगाव ते वाचून दाखवत राहिले. एप्रिल २०१२मध्ये हरित न्यायाधिकरणाने ती सुनावणी निव्वळ फार्स होती असं म्हणत मंजुरी रद्द केली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत दोन माणसं अग्रवालांच्या दुकानात शिरली आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. मांडीचं हाड मोडलं, जीव वाचला. २०१४मध्ये त्यांना गोल्डमन हा पर्यावरणासाठीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एका माहिती अधिकाराच्या अर्जाने काय होणार असं विचारणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा. ज्या अर्जाने काहीच होत नाही, तो करणाऱ्यावर कोणी गोळी झाडत नाही.

त्याच तालुक्यात दशकाहून जास्त काळ दर २ ऑक्टोबरला कोळसा सत्याग्रह होतो. गांधीजींनी मिठाचा कायदा मोडला, तसे हे लोक आपल्याच जमिनीतला कोळसा कुदळीने खणून बाहेर काढतात आणि म्हणतात, काढायचाच असेल तर आम्ही काढू, आमच्या गरजेपुरता, आमच्या हिशेबाने. यासाठी गावकऱ्यांनी स्वतःची उत्पादक कंपनीही नोंदवली. केरळमधल्या एका खटल्यात २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की जमिनीखालचं सगळं खनिज सरकारचंच, असं सांगणारा कोणताही सरसकट कायदा नाही. या निकालाचा आधार ते देतात. कोळशासाठी मात्र १९५७चा वेगळा भूसंपादन कायदा आहे आणि त्यात ग्रामसभेच्या संमतीची अट नाही. आदिवासींना आणि त्यांच्या ग्रामसभांना अधिकार देणारी राज्यघटनेची पाचवी अनुसूची, पेसा कायदा, वनहक्क कायदा एका बाजूला आणि हा एक कायदा दुसऱ्या बाजूला, अशी ओढाताण कायम चालते. मला विचाराल तर मूळ दुखणं इथेच आहे. हा कायदा बदलत नाही तोवर प्रत्येक गावाला तीच लढाई पुन्हा पहिल्यापासून लढावी लागणार.

छत्तीसगडमधल्याच हसदेव अरण्य या जंगलाबद्दल तुम्ही वाचलं असेलच, म्हणून थोडक्यात. २०१४च्या अखेरीपासून तिथल्या वीस ग्रामसभांनी खाणींविरुद्ध ठराव केले. ऑक्टोबर २०२१मध्ये साडेतीनशे माणसं मदनपूरहून रायपूरपर्यंत तीनशे किलोमीटर चालत गेली. मार्च २०२२पासून हरिहरपूरला बेमुदत धरणं सुरू झालं. जुलै २०२२मध्ये छत्तीसगड विधानसभेने हसदेवमधले सगळे कोळसा ब्लॉक रद्द करावेत असा ठराव एकमताने केला आणि २१ प्रस्तावित खाणी बाजूला पडल्या. याच कामासाठी तिथले कार्यकर्ते आलोक शुक्ला यांना २०२४मध्ये गोल्डमन पुरस्कार मिळाला. तरीही आधीपासून चालू असलेली परसा पूर्व-केते बासन ही खाण पुढे सरकली, डिसेंबर २०२३मध्ये पोलिस पहाऱ्यात झाडं पडली. परसाच्या नव्या खाणीबाबत राज्याच्या अनुसूचित जमाती आयोगाने २०२४मध्ये जो निष्कर्ष काढला तो फार गंभीर आहे: ग्रामसभेची संमती म्हणून दाखवलेली कागदपत्रं बनावट होती. सभेत न झालेला ठराव नंतर नोंदवहीत चढवला गेला होता.

यावरूनच कळतं की ग्रामसभेचा ठराव किती वजनाचा असतो. तो निरुपयोगी असता तर खोटा करण्याचे कष्ट कोणी घेतले नसते. म्हणून कोणत्याही गावात आंदोलन उभं राहत असेल तर मी पहिली गोष्ट हीच सांगते: सभा संपल्यावर, सगळे बसलेले असतानाच, ठराव मोठ्याने वाचून घ्या, शेवटच्या ओळीखाली रेघ मारा, पानाचा फोटो काढा आणि तो दहा जणांच्या फोनमध्ये असू द्या.

आता विदर्भ. ताडोबाला लागून असलेल्या लोहारा इथला कोळसा ब्लॉक अदानींच्या तिरोड्याच्या वीज प्रकल्पासाठी दिला गेला होता. २००९मध्ये चंद्रपूरच्या इको-प्रो या पर्यावरण संस्थेच्या बंडू धोत्रे यांनी उपोषण केलं, शहर रस्त्यावर आलं, आणि ती खाण झाली नाही. २०२०मध्ये ताडोबाजवळचाच बंदर ब्लॉक लिलावाच्या यादीत आला, विरोध झाला आणि तो यादीतून वगळला गेला. हे दोन्ही निखळ विजय आहेत, आमच्या जिल्ह्याचा मला त्याचा अभिमान आहे.

पण एक गोष्ट सलते. तिरोड्याचा ३,३०० मेगावॅटचा प्रकल्प उभा राहिलाच, कोळसा दुसरीकडून आला. लोहारा वाचलं ते वाघामुळे. ताडोबा हे नाव घेतलं की दिल्ली ऐकते. तमनारला राष्ट्रीय उद्यान नाही, सफारीच्या जिप्सी नाहीत, तिथे नुसती माणसं आणि त्यांचं जंगल. वाघासाठी जमणारी गर्दी माणसांसाठी जमली नाही, हे आम्ही पर्यावरणवाल्यांनीच मान्य करायला हवं.

वीज लागतेच ना, या प्रश्नाबद्दल. लागते, मला उन्हाळ्यात ४७ अंशांत कूलरशिवाय झोप येत नाही. मात्र या गावांपैकी कोणीही देशातले सगळे दिवे विझवा असं म्हणत नाहीये. त्यांचं म्हणणं आहे की आम्हाला विचारा, आमचा नकार नकार म्हणून लिहा, आणि आधीच्या खाणींचे खड्डे, राखेचे ढीग, आटलेल्या विहिरी यांचा हिशेब द्या, मग पुढची खाण मागा. एका पिढीला पुरेल एवढ्या कोळशासाठी पुढच्या दहा पिढ्यांचं जंगल आणि नदी जाते, आणि सौर-पवन वीज स्वस्त झालेली असताना हा सौदा नव्याने तपासायला नको का? शिवाय खाण रखडली की प्रकल्पाचा खर्च वाढतो, बँका आणि नियोजन करणारे दुसऱ्या पर्यायाकडे बघू लागतात. लोकांनी मिळवलेल्या वर्षांचा हाही उपयोग आहे, जो कोणत्याही निकालपत्रात लिहिलेला नसतो.

तुम्हाला स्वतः काही करायचं असेल तर धरण्यावर जाऊन बसण्याआधी करता येण्याजोगं बरंच आहे. खाणीच्या जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते, पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो आणि सुनावणीचं चित्रीकरण करावं लागतं. लेखी हरकत पाठवता येते, तिची पोच घ्या. केंद्राच्या परिवेश पोर्टलवर मंजुरीचे अर्ज आणि बैठकांची इतिवृत्तं वाचायला मिळतात. आणि महाराष्ट्राच्या वीजग्राहकाच्या हातात एक खास गोष्ट आहे: महानिर्मिती दरनिश्चितीसाठी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाकडे जाते तेव्हा आयोग सामान्य ग्राहकांकडून सूचना आणि हरकती मागवतो. गारे पेल्माचा कोळसा किती रुपयांना पडणार, खाणचालकाला किती द्यायचे, मंजुरी वादात असताना तो खर्च आमच्या बिलात का टाकता, हे तिथे अधिकृतपणे विचारता येतं. पुढची जाहीर सूचना निघाली की मी हरकतीचा मसुदा मराठीत तयार करणार आहे. सही करायची असेल तर इथेच कळवा.