‘नागोर्नो’ नावाचं गाव नकाशात शोधू नका

प्रश्न असा आलाय: "बातम्यांत कधी नागोर्नो-काराबाख म्हणतात, कधी नुसतं नागोर्नो, कधी आर्त्साख. बरोबर कुठलं, मराठीत लिहायचं कसं, आणि तिथले लोक आर्मेनियन बोलतात की त्यांची भाषा वेगळी आहे?"

आधी ते नुसतं ‘नागोर्नो’ बंद करा. या प्रदेशावरून आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यात झालेल्या २०२० च्या लढाईत ४४ दिवस मी हे ऐकलं, ‘नागोर्नोवर हल्ला’, ‘नागोर्नोची जनता’, एका चॅनलवर तर ‘नागोर्नो आणि काराबाख या दोन प्रांतांत’ असं, दोन प्रांत! टीव्हीसमोर बसून मीच ओरडत होतो, घरचे म्हणाले आवाज कमी करा, टीव्हीचा नाही, तुमचा. २०२३ च्या सप्टेंबरात पुन्हा तेच सुरू झालं. अहो, नागोर्नो हे विशेषण आहे, आणि तेसुद्धा अख्खं नाही. रशियनमध्ये स्वतंत्र विशेषण ‘नागोर्नी’ असं होतं, नागोर्नी काराबाख. ‘नागोर्नो’ हे रूप फक्त जोडशब्दात येतं, सोव्हिएत काळात त्या प्रदेशाचं सरकारी नाव ‘नागोर्नो-काराबाख्स्काया स्वायत्त ओब्लास्त’ (ओब्लास्त म्हणजे प्रांत) असं लांबलचक होतं, त्यातला पुढचा तुकडा इंग्रजीवाल्यांनी उचलला आणि त्यांच्याकडून आपण. म्हणजे नुसतं नागोर्नो म्हणणं हे ‘मध्यवर्ती कारागृह’ला ‘मध्य’ म्हणण्यासारखं आहे, ‘आज मध्यमधून तीन कैदी सुटले’.

अर्थ सरळ आहे, डोंगराळ. आर्मेनियन लोक म्हणतात ‘लेर्नायिन घाराबाघ’, लेर म्हणजे डोंगर. अझरबैजानी म्हणायचे ‘दाघलिक गाराबाघ’, दाघ म्हणजे डोंगर, दागेस्तानमधला तोच. तिघांनी आपापल्या भाषेत भाषांतर करून घेतलंय, मग आपल्यालाच रशियन तुकडा तसाच का लागतो? सरळ ‘डोंगरी काराबाख’ लिहा.

इथे एक फॉरवर्ड फिरतो, तो अडवतो, कारण मला चार जणांनी पाठवलाय आणि चौघांनीही शेवटी हात जोडल्याचं चित्र लावलंय. त्यात म्हणे संस्कृतमध्ये ‘नग’ म्हणजे पर्वत, म्हणून नागोर्नो हा मूळचा संस्कृत शब्द. नग म्हणजे पर्वत हे खरं आहे, न-ग, जो हलत नाही तो. पण रशियन शब्दाची फोड ना-ग अशी होतच नाही, ती होते ना आणि गोरा. ना म्हणजे ‘वर’, गोरा म्हणजे डोंगर. आणि हा गोरा कोण? आपला गिरी! अवेस्तातला गइरि, संस्कृतातला गिरि आणि रशियन गोरा एकाच मुळाचे. नात्यात नसलेल्या नगाशी सोयरीक जुळवायच्या नादात या मंडळींनी दारात उभा असलेला खरा भाऊ हाकलून दिला. युरोपात माँटेनेग्रो आहे ना, त्या लोकांचं स्वतःच्या देशाचं नाव आहे ‘चर्ना गोरा’, काळा डोंगर, आणि त्यातला चर्ना हा आपल्या ‘कृष्ण’चा सख्खा नातेवाईक. शब्दशः कृष्णगिरी. हे मला कळलं त्या दिवशी मी जेवायला अर्धा तास उशिरा बसलो.

आता ‘कारा’. याला काळा म्हणायचा मोह होतोच, अर्थही काळाच आहे, पण नातं काही नाही. कारा हा तुर्की. काराकोरममध्ये तोच आहे. तुर्की शब्द आपल्याकडे कमी आलेत का, कैची आली, चकमक आली, पण म्हणून आपला काळा त्यांच्याकडून आला किंवा त्यांचा कारा आपल्याकडून गेला असं होत नाही. दोन अक्षरं जुळली की व्युत्पत्ती झाली असं मानणाऱ्यांशी वाद घालून मी दमलोय.

पण खरा ऐवज पुढे आहे. बाख. हा बाख म्हणजे आपली बाग. उपमा म्हणून म्हणत नाही, तोच शब्द, फारसी ‘बाग़’, जो सारसबागेत आहे, लालबागमध्ये आहे आणि राणीच्या बागेत आहे. आर्मेनियन लिपीत त्याच्या शेवटी घर्षणाचा ग़ आहे, अझरबैजानीत लिहिताना ग़ च आहे, फारसीत तर आहेच. रशियनला तो ग़ लिहायची सोय नाही म्हणून त्यांनी ख घातला, आणि ज्या मराठीत तीनशे-चारशे वर्षं बाग आहे ती मराठी मॉस्कोकडे बघून ‘बाख’ लिहिते! एका संपादक मित्राने मला सुनावलं की रूढ झालेलं बदलू नये, आमच्या शैलीपत्रकात काराबाखच आहे. असू दे. शैलीपत्रक करणाऱ्याने बाग बघितली नसेल. मी इथून पुढे काराबाग लिहिणार आहे.

तर मग बाग कुठून आली? फारसीतून आली एवढ्यावर आपले बरेचसे कोश थांबतात. पण जुन्या इराणी भाषांत मागे मागे जा, तिथे ‘बाग’चा अर्थ वाटा, हिस्सा, वाटून मिळालेला जमिनीचा तुकडा असा मानतात, आणि तो संस्कृत ‘भाग’चा जुळा भाऊ. वाट्याला आलेला तुकडा, मग कुंपण घातलेला तुकडा, मग त्यात झाडं. हा प्रवास शेतकऱ्याला वेगळा सांगावा लागत नाही, सातबाऱ्यावर ‘बागायत’ लिहिलेलं असतं तिथे फुलझाडं थोडीच असतात, ते जमिनीच्या तुकड्याचं वर्णन असतं आणि वर खातेदारांचे हिस्से असतात, म्हणजे बाग आणि भाग दोघे एकाच कागदावर, एक फारसीतून आलेला, एक संस्कृतातून, हजारो वर्षांनी तलाठ्याकडे भेटलेले. मूळ धातू भज्, वाटणे. विभाजन, भाजक, भाज्य, भक्त, भगवान (वाटा देणारा तो भग), सगळं कुटुंब तेच. जुन्या इराणीत बग म्हणजे देव, आणि बगदादचा बहुतेक जण लावतात तो अर्थ ‘देवाने दिलेलं’, म्हणजे थेट आपला भगदत्त. आणि आर्मेनियनमध्ये? त्यांनी इराणीतून शेकड्यांनी शब्द घेतले, त्यातला एक ‘बाझिन’, वाटा, आणि ‘बाझानेल’, वाटणे. पुन्हा तोच भज्!

म्हणजे बघा, डोंगरी काराबाग या नावात गिरी आहे आणि भाग आहे. ज्यांनी नाव ठेवलं त्यांच्या डोक्यात बागच होती, वाटणी नव्हती, हे मलाही कळतं. १३व्या-१४व्या शतकात जॉर्जियन आणि फारसी लिखाणात हे नाव दिसायला लागतं, मंगोल येऊन गेल्यानंतर, तेव्हा तुर्की आणि फारसी शब्दांची अशी जोडणी सर्रास व्हायची. पण पुढे १९२१ मध्ये काय झालं बघा. बोल्शेविकांचा काकेशस ब्यूरो तिफ्लिसमध्ये (आजचं तिबिलिसी) बसला, ४ जुलैला ठरलं की डोंगरी भाग आर्मेनियाला, आणि ५ जुलैला फिरवून ठरलं की तो अझरबैजानमध्येच ठेवायचा, स्वायत्तता देऊन. एका रात्रीत. मग ७ जुलै १९२३ ला ती स्वायत्त ओब्लास्त झाली, आणि तिची हद्द आखताना डोंगरातली आर्मेनियन वस्ती आत, कुरा आणि अरस नद्यांकडे उतरणारा सपाट काराबाग बाहेर. १९८९ च्या जनगणनेत ओब्लास्तीत सुमारे १ लाख ८९ हजार लोक होते आणि त्यातले तीन-चतुर्थांशाहून जास्त आर्मेनियन. तर ज्याला आपले अँकर गावाचं नाव समजतात ते ‘नागोर्नो’ हीच मुळात हद्दीची रेघ आहे. काराबागेचे दोन भाग पाडणारं विशेषण! अझरबैजानला हे बरोबर कळतं, म्हणून त्यांनी १९९१ मध्ये ओब्लास्त रद्द केली, आणि २०२० ची लढाई जिंकल्यावर तर ‘डोंगरी’ शब्दच सरकारी भाषेतून काढला, २०२१ पासून नुसता ‘काराबाग आर्थिक विभाग’. (विभाग. भज्. मी काही बोलत नाही.)

इथे एका मोठ्या माणसाशी माझं भांडण आहे. बाग्रात उलुबाब्यान हे काराबागेचे आर्मेनियन इतिहासकार, त्यांचं म्हणणं असं की हा बाघ म्हणजे बाग नव्हेच, ‘बाघ्क’ नावाच्या जुन्या आर्मेनियन संस्थानाचं नाव आहे, आणि कारा म्हणजे ‘थोरला’, थोरलं बाघ्क. म्हणजे तुर्की-फारसी नाव एका फटक्यात आर्मेनियन! माणूस अभ्यासू होता, आदर आहे, पण मग अफगाणिस्तानात काबूलजवळ एक काराबाग आहे आणि गझनीजवळ दुसरं, तिथे कुठलं बाघ्क संस्थान गेलं होतं? जिथे तुर्की बोलणारे आणि फारसी लिहिणारे एकत्र नांदले तिथे काराबाग उगवणारच. जमिनीवर हक्क सांगायचा म्हणून शब्दाचा सातबारा बदलायचा, हा उद्योग दोन्ही बाजू करतात. तिथल्या एका शहराचंच बघा. आर्मेनियन म्हणणार शुशी, अझरबैजानी म्हणणार शुशा, आणि ते सांगणार की हे आमच्या ‘शुशे’वरून, म्हणजे काच, जो फारसी शीशा, आपली शिशी. शेवटच्या एका स्वरावरून तुम्ही कुणाच्या बाजूचे ते ठरतं. राजधानीचंही तेच, स्टेपान शाउम्यान या बोल्शेविकाच्या नावाने १९२३ मध्ये स्टेपानाकर्ट झालं, अझरबैजानी त्याला खानकेंदी म्हणतात, खानाचं गाव, त्यातला केंद समरकंदातला.

भाषेचा प्रश्न राहिला. वेगळी भाषा नाही, आर्मेनियनचीच बोली आहे, पण आर्मेनियाच्या राजधानीतल्या, येरेवानच्या माणसाला कानावर पडली तर पहिल्या झटक्यात कळत नाही अशी. प्रमाण आर्मेनियनमध्ये आघात शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर, काराबागी बोलीत शेवटून दुसऱ्यावर, त्यामुळे शब्दांचं शेपूट गळल्यासारखं होतं, आणि वर ग, द, ब अशा घोषव्यंजनांनंतर येणारे स्वर तोंडात पुढे सरकलेले. हा स्वर सरकण्याचा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते आर्मेनियन भाषाशास्त्रज्ञ ह्राच्या आचार्यान (नाव ऐकून आचार्य आठवतं ना? आठवू द्या, संबंध नाही). स्ट्रासबुर्गला ते हाइनरिश ह्युब्शमान यांच्याकडे शिकले, ज्यांनी १८७५ मध्ये सिद्ध केलं की आर्मेनियन ही इराणी शाखा नव्हे, इंडो-युरोपियन घराण्याची स्वतंत्र शाखा आहे. हे अजून माहीत नसलेले लोक आर्मेनियनला ‘फारसीची बोली’ म्हणतात, दीडशे वर्षं झाली हो! तर आचार्यानांनी १९०९ मध्ये सगळ्या बोली तीन गटांत टाकल्या, कशावरून, तर वर्तमानकाळ कसा करता त्यावरून. ‘-उम’ लावणारे, ‘कऽ’ लावणारे आणि ‘-एल’ लावणारे. काराबागी ‘-उम’वाली, येरेवानची प्रमाण भाषाही ‘-उम’वाली, त्यामुळे कागदावर दोघी सख्ख्या बहिणी दिसतात. एका प्रत्ययावर अख्खी भाषा वाटून टाकायची म्हणजे मिशीवरून वंशावळ लावण्यासारखं आहे, पुढे १९७२ मध्ये जाहुक्यान या दुसऱ्या भाषाशास्त्रज्ञाने कितीतरी जास्त लक्षणं घेऊन पुन्हा मांडणी केली ती मला जास्त पटते. पण आचार्यानांचे तीन गटच सगळीकडे घोकले जातात.

१९९८ पासून २०१८ पर्यंत आर्मेनियाचे दोन्ही राष्ट्राध्यक्ष, कोचार्यान आणि सर्गस्यान, स्टेपानाकर्टात जन्मलेले, त्यामुळे वीस वर्षं येरेवानच्या सत्तेला काराबागी हेल होता. आता सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने तो प्रदेश ताब्यात घेतल्यावर लाखाहून जास्त माणसं आठवडाभरात डोंगर उतरून आर्मेनियात गेली, बोली जमिनीवरून उठून भाड्याच्या घरांत आली. शाळेत पोरं येरेवानचा आघात उचलणार, आज्या शेवटून दुसऱ्यावरच देणार.

त्यांच्या एका पदार्थाचं नाव सांगतो, ‘झेंग्यालोव हात्स’, भरपूर रानभाज्या भरून साज नावाच्या तव्यावर भाजलेली पोळी. त्यातला ‘-ओव’ हा तृतीयेचा प्रत्यय, भाज्यांनी युक्त, आणि हा प्रत्यय संस्कृतच्या तृतीयेतल्या ‘-भिः’चा नातलग आहे. पोळीच्या नावात विभक्ती, यापेक्षा काय पाहिजे.

हां, आर्त्साख. ते जुनं आर्मेनियन नाव, ७व्या शतकातल्या आर्मेनियन भूगोलग्रंथात मोठ्या आर्मेनियाचे १५ प्रांत दिलेत त्यातला एक. २०१७ च्या सार्वमतात तिथल्या आर्मेनियनांनी स्वतःच जाहीर केलेल्या प्रजासत्ताकाने हेच नाव घेतलं, १ जानेवारी २०२४ ला ते प्रजासत्ताक कागदोपत्रीही संपलं. आर्मेनियन बाजू सांगायची असेल तर आर्त्साख लिहा, नुसता प्रदेश सांगायचा तर काराबाग. आणि त्या ‘त्स’ला घाबरू नका, हिंदीवाल्यांना तो जोडाक्षराने लिहावा लागतो, आपल्याकडे तो बाराखडीत बसलेला आहे, चमचातला, चाकातला च, फक्त थोडा श्वास सोडून. हात्स म्हणजे भाकरी-पोळी, त्यातलाही तोच. चुलीतला च.