दोन एकरांवर जनावरे पाळून घर चालेल का? आधी भाकड काळाचा हिशेब मांडा

तुमचा प्रश्न असा आहे की, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात पाण्याची सोय असलेली दोन एकर जमीन आहे, पुण्यातली नोकरी सोडून गावी परतायचे मनात आहे, तर तीन-चार म्हशी, एखादी संकरित गाय आणि थोड्या शेळ्या पाळून चौघांचे घर चालेल का. मी याच पट्ट्यात, बेळगावच्या पश्चिमेला, जनावरांतच वाढलो आणि आजही आमची दावण भरलेली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पहिली दोन वर्षे केवळ यावर घर चालणार नाही. त्यानंतर चालू शकेल, पण जनावर दूध किती देते यापेक्षा ते किती महिने भाकड, म्हणजे दुधाविना, राहते यावर ते ठरेल.

नवीन माणूस हिशेब मांडतो तो म्हैस नुकतीच व्यालेली असतानाच्या दुधावर. दहा लिटर दूध, लिटरचा दर आणि महिन्याचे तीस दिवस यांचा गुणाकार केला की आकडा मोठा दिसतो. प्रत्यक्षात म्हैस साधारण ३१० दिवस गाभण असते आणि नऊ-दहा महिने दूध देते. व्याल्यानंतर तीन-चार महिन्यांत ती पुन्हा गाभण राहिली तर दोन वेतांतले अंतर सुमारे चौदा महिन्यांचे होते आणि भाकड काळ चार-पाच महिन्यांवर थांबतो. माज (जनावर गाभण राहू शकते तो काळ) हुकत गेला तर हेच अंतर दीड वर्षावर जाते आणि आठ-नऊ महिने तिला नुसते पोसावे लागते. वैरण, पाणी, शेण काढणे यांतले काहीही त्या काळात कमी होत नाही. दुधाच्या दरात रुपया-दोन रुपयांचा फरक पडला म्हणून गोठा बंद पडल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. तीन म्हशी एकाच वेळी भाकड झाल्यामुळे बंद पडलेले गोठे मात्र आसपासच्या बहुतेक गावांत सापडतील.

म्हणून माज ओळखणे ही या धंद्यातली पहिली विद्या आहे आणि ती पुण्यात बसून किंवा गड्यावर सोपवून येत नाही. गाय माजावर आली की हंबरते, दुसऱ्या जनावरावर चढते. म्हैस तसे काही करतेच असे नाही, उन्हाळ्यात तर तिचा माज मुकाच असतो. पहाटे शेण काढायला गेल्यावर बसल्या जागी मागे काचेसारखी स्वच्छ, चिकट बळस (माजाचा स्राव) पडलेली दिसते, निरण (योनीचा बाहेरचा भाग) किंचित सुजलेले असते, ती थोडी-थोडी लघवी करत राहते आणि त्या धारेला दूध थोडे कमी पडते. एवढ्या खुणांवरून ओळखायचे. पहाटे माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करून घ्यावे. हुकला तर पुढचे एकवीस दिवस गेले. रेतन केल्यावर तीन महिन्यांच्या आत पशुवैद्यांकडून गाभण तपासणी करून घ्यावी. न उलटलेले (पुन्हा माजावर न आलेले) जनावर गाभणच आहे असे गृहीत धरून लोक पाच-पाच महिने घालवतात.

दुसरा प्रश्न वैरणीचा. खानापूर भागात भात पिकतो, त्यामुळे पिंजर (भाताचा पेंढा) भरपूर मिळते आणि अनेकांना वाटते की वैरणीची चिंता मिटली. पिंजराने पोट भरते, पण त्यात प्रथिने फारच कमी असतात. शंभर किलो पिंजरावर चार किलो युरिया पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडला, थर दाबून प्लास्टिकखाली हवाबंद झाकला आणि एकवीस दिवसांनी उघडला, तर त्याचा कस चांगला वाढतो; मात्र सहा महिन्यांखालच्या वासरा-रेडकांना ते घालू नये आणि युरियाचे पाणी कोणत्याही जनावराच्या तोंडी लागू देऊ नये. पूर्वेकडच्या लोकांकडे कडबा असतो, तो पिंजरापेक्षा चांगला. साखर कारखाने चालू असेपर्यंत उसाचे वाडे (हिरवे शेंडे) स्वस्त मिळते, पण नुसत्या वाड्यावर जनावर ठेवले तर त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही, म्हणून सोबत खनिज मिश्रण रोज हवेच. तुमच्याकडे पाणी आहे, तर दहा गुंठे नेपियर गवत लावा. नीट शेणखत घातले तर दोन म्हशींची हिरवी वैरण त्यातून निघते. पेंड आणि भरडा विकतच घ्यावा लागेल. म्हशीला शरीरपोषणासाठी दीड-दोन किलो आणि शिवाय दर दोन लिटर दुधामागे एक किलो आंबोण (पेंड-भरड्याचा खुराक) लागते. रोख खर्चाचा सर्वांत मोठा भाग हाच असतो.

तुमच्या तालुक्यातली एक गोष्ट बाहेरची पुस्तके ठळकपणे सांगत नाहीत. भाताच्या खाचरांत आणि साचलेल्या पाण्यात ज्या गोगलगायी असतात, त्यांच्यामधून यकृतातला चपटा कृमी जनावरांत येतो. जनावर चांगले खाते, तरी खंगत जाते, पातळ शेण टाकते आणि शेवटी जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबल्यासारखी सूज येते. लोक पेंड वाढवतात, पण गुण येत नाही. पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्याच्या तोंडाला शेण तपासून योग्य जंतनाशक द्यावे आणि खाचराच्या बांधावरचे ओले गवत कापून आणले तर वाळवून घालावे. लसींच्या बाबतीत हयगय करू नये: मृगाआधी घटसर्प आणि फऱ्या, दर सहा महिन्यांनी लाळ्या खुरकूत. २०२२ मध्ये लंपी त्वचारोग पसरला तेव्हा आमच्या भागात गाई-बैलांचे फार हाल झाले. म्हशींना त्याचा त्रास त्या मानाने कमी झाला. मी संकरित गाईपेक्षा म्हैस सुचवतो, त्याचे हे एक कारण आहे. संकरित गाय लवकर गाभण राहते, दूधही जास्त देते, हे खरे आहे, पण गोचीड तापाला ती लवकर बळी पडते.

दुसरे कारण विक्रीचे आहे. कर्नाटकात २०२१ पासून लागू झालेल्या कायद्याने गाय, बैल आणि वासरू यांच्या कत्तलीवर पूर्ण बंदी आहे; म्हशींना ती तेरा वर्षांखालीच लागू आहे. कायद्याची चर्चा इथे करायची नाही. हिशेबापुरते एवढेच की, भाकड गाय आणि खोंड (नर वासरू) यांना पूर्वी मिळणारे गिऱ्हाईक आज जवळजवळ राहिलेले नाही. संकरित गाईला खोंड झाला तर तो कोण सांभाळणार हे आधी ठरवून ठेवा. महाराष्ट्रातल्या बाजारातून जनावर आणणार असाल तर खरेदीची पावती, आरोग्याचा दाखला आणि कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक जवळ असल्याशिवाय गाडी सीमेवर आणू नका. खरेदी करताना सकाळ-संध्याकाळ अशा लागोपाठ दोन-तीन धारा आपल्या डोळ्यांसमोर काढायला लावा, चारही सडांची धार हाताने पाहा आणि इंजेक्शन देऊन पान्हा सोडवला जात असेल तर ते जनावर सोडून द्या. जात म्हणाल तर मुऱ्हा दूध जास्त देते, पण तिला खाणेही तसेच लागते; पहिल्या वेळी तलवारीसारख्या लांब शिंगांची पंढरपुरी घ्यावी, कारण ती सहा-आठ लिटरच देत असली तरी कमी चाऱ्यावर तगते आणि नियमित गाभण राहते.

दूध कुठे घालायचे? गावच्या सोसायटीत घातले तर राज्य सरकारचे लिटरमागे ५ रुपयांचे प्रोत्साहनधन मिळते, पण ते बिलापेक्षा वेगळे, बँक खात्यावर जमा होते, म्हणून त्यावर महिन्याचा खर्च बसवू नका. बेळगाव शहरात म्हशीच्या दुधाच्या रतिबाला चांगला दर मिळतो. तिथे मात्र पाऊस असो वा सण, एकही दिवस खाडा चालत नाही. कुंदा या बेळगावी मिठाईमुळे खव्यालाही मागणी असते. पाच लिटर म्हशीच्या दुधात साधारण एक किलो खवा पडतो, पण जळण आणि ढवळणाऱ्याची मजुरी धरली तरच तो परवडतो की नाही ते कळते.

रेडकू वाचवणे ही दयेची बाब आहेच, पण धंद्याचीही आहे. रेडकू दगावले की अनेक म्हशी पान्हा सोडत नाहीत. जन्मल्यावर तासा-दोन तासांत त्याला चीक (व्याल्यानंतरचे पहिले दूध) पाजा. वार (गर्भाचे आवरण) पडेपर्यंत थांबायची जुनी पद्धत चुकीची आहे, उलट रेडकू चोखू लागले की वार पडायला मदतच होते. नाळेला आयोडीन लावा आणि दहाव्या दिवशी जंताचे औषध द्या.

शेळ्यांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. अथणी, गोकाककडच्या कोरड्या हवेत उस्मानाबादी शेळी सुखाने राहते आणि बहुधा दोन करडे देते. खानापूरच्या पावसात ओल्या जमिनीवर तिला खुरांचे आणि फुप्फुसाचे आजार होतात. उंच लाकडी माच करून, पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथरोग) आणि आंत्रविषाराची लस टोचूनच चार-पाच शेळ्या ठेवता येतील. गाव भीमगड अभयारण्याच्या बाजूचे असेल तर दिवस मावळायच्या आत त्या बंद जागी हव्यात.

शेणाचा हिशेब बहुतेक जण लिहितच नाहीत. एक म्हैस रोज पंधरा-वीस किलो शेण देते. तीन म्हशींवर दोन घनमीटरचा गोबरगॅस चालतो आणि बाहेर पडणारी स्लरी नेपियरला जाते. दोन एकरांत विकतच्या खताचा खर्च त्यामुळे लक्षणीय कमी होतो.

नोकरी लगेच सोडू नका. घरातले कोणीतरी गावी पहाटे आणि संध्याकाळी हजर राहणार असेल तर आधी फक्त दोन म्हशी घ्या, एक नुकतीच व्यालेली आणि दुसरी पाच-सहा महिन्यांची गाभण, म्हणजे दोघींचे दूध एकदम बंद होणार नाही. तिसरी त्यानंतर सहा महिन्यांनी, पहिली पुन्हा गाभण असल्याचे तपासणीत कळल्यावरच आणा. सुरुवात सुगीनंतर करा. भाताची मळणी झाली की पिंजर स्वस्त असते. तेव्हाच वर्षाची व्हळी (पिंजराची गंजी) रचून घ्या, नेपियरची पहिली कापणी हाती येऊ द्या आणि मग म्हैस बघायला बाहेर पडा.