ग्रिपरवरचा आकडा आणि हाताची पकड

प्रश्न : मी २६ वर्षांचा असून तालमीत कुस्तीचा सराव करतो. १० ते ६० किलोपर्यंत ताण बदलता येणारा प्लॅस्टिकचा ग्रिपर (मुठीत दाबून पकड वाढवायचे स्प्रिंगचे साधन) मी शेवटच्या खुणेवर लावून सलग तीस वेळा दाबतो. पण मित्राचा १४० पौंडांचा, म्हणजे साधारण ६३.५ किलोंचा धातूचा ग्रिपर मला एकदाही पूर्ण मिटवता आला नाही. असे का व्हावे, आणि मी कोणता ग्रिपर घ्यावा?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपला पंजा कमी पडला असे मुळीच समजू नका, हे दोन आकडे एका मापाने मोजलेले नाहीत. ग्रिपरचा दांडा ही एक तरफ असल्याने जोर दांड्याच्या टोकाशी मोजला तर कमी भरतो आणि स्प्रिंगजवळ मोजला तर जास्त. शिवाय दांडे जवळ येतील तसा स्प्रिंगचा विरोध वाढत जातो. त्यामुळे तुलना एकाच कंपनीच्या ग्रिपरांमध्येच करावी. अमेरिकेतील आयर्नमाइंड कंपनीच्या ‘कॅप्टन्स ऑफ क्रश’ या मालिकेत ‘ट्रेनर’ १०० पौंडांचा, क्रमांक १ हा १४० चा, २ हा १९५ चा आणि ३ हा २८० पौंडांचा आहे.

आपल्यासाठी मी ‘ट्रेनर’ किंवा त्याच्या तोडीचा ग्रिपर सुचवीन. जो दहा-बारा वेळा पूर्ण मिटतो तो सरावाचा, आणि जो जेमतेम तीन-चार वेळा मिटतो तो पुढचा. मिटणे म्हणजे दोन्ही दांडे एकमेकांना टेकून ‘टक्’ असा आवाज येणे. शेवटचा सेंटीमीटरभरच सर्वांत जड असतो आणि घाईघाईने अर्धवट दाबणारे नेमके तेवढेच टाळतात. पंजा लहान असेल तर दुसऱ्या हाताने दांडे थोडे जवळ आणून मग बोटांत घ्यावेत. जुना ग्रिपर टाकू नका, हात गरम करायला तो उत्तम आहे.

मात्र कुस्तीगिराला एवढ्यावर थांबता येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. जोडीदाराचे मनगट धरताना मूठ पूर्ण मिटत नाही, अर्धवट उघड्या बोटांनी पकड टिकवावी लागते. त्यासाठी बारवर जाड टॉवेल टाकून त्याची दोन्ही टोके धरून लोंबकळावे. ग्रिपरचा सराव आठवड्यातून दोन-तीन दिवसच ठेवावा, कारण स्नायूंच्या मानाने कंडरांना, म्हणजे स्नायू हाडांना जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांना, बळकट व्हायला अधिक वेळ लागतो. बोटांभोवती रबरबँड अडकवून ती बाहेर उघडण्याचा व्यायामही जोडीला करावा, आणि कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागल्यास दुखणे थांबेपर्यंत ग्रिपर हातात घेऊ नये.