पुण्याच्या वेंकीज या कोंबड्यांच्या कंपनीने घेण्याआधी ब्लॅकबर्न रोव्हर्स हा इंग्लंडमधला फुटबॉल क्लब किरकोळ होता का?

अजिबात नाही. आपल्याकडे बहुतेकांनी हे नाव 2010 मध्ये, वेंकीजच्या बातमीतच पहिल्यांदा ऐकलं, त्यामुळे तसा समज होणं स्वाभाविक आहे. पण तोवर हा क्लब 135 वर्षांचा झाला होता. तीनदा इंग्लंडचं लीग विजेतेपद आणि सहा वेळा एफए कप (इंग्लिश फुटबॉल संघटनेचा बाद पद्धतीचा चषक) त्याच्या नावावर होता. मी बरीच वर्षं या क्लबच्या मागे आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

ब्लॅकबर्न हे उत्तर इंग्लंडातल्या लँकेशायरमधलं गिरणगाव. तिथल्या मागांवर विणलेल्या कापडाचा मोठा हिस्सा हिंदुस्थानात यायचा. आपल्या पणजोबांच्या पिढीने नेसलेली कितीतरी धोतरं याच पट्ट्यातून आलेली. रोव्हर्सची स्थापना 1875 ची. स्थापना करणारी मुलं बऱ्यापैकी घरांतली, शाळा-कॉलेजात शिकलेली होती, पण सामन्यांना गर्दी जमली ती गिरणी कामगारांची. शनिवारी दुपारी गिरणी सुटली की माणसं थेट मैदानावर जायची.

त्या काळी फुटबॉलवर दक्षिणेतल्या बड्या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांचा ताबा होता. खेळासाठी पैसे घेणं त्यांच्या लेखी कमीपणाचं, आणि नियमानेही बंद. ज्याला आठवडाभर राबून पोट भरायचं आहे त्याने सरावाला वेळ कुठून काढायचा, हा प्रश्न त्यांना पडतच नव्हता. लँकेशायरच्या क्लबांनी यातून वाट काढली आणि स्कॉटलंडमधून चांगले खेळाडू आणून त्यांना गुपचूप पैसे द्यायला सुरुवात केली. फर्गस सूटर हा ग्लासगोकडचा पाथरवट आधी शेजारच्या डार्वेनला आला आणि 1880 मध्ये रोव्हर्सकडे गेला. दगड घडवायचं काम त्याने सोडून दिलं होतं. इंग्लंडचा दगड फार कठीण आहे, असं कारण तो सांगायचा. पोटापाण्याचं काय चाललंय हे मात्र सगळ्यांना कळत होतं.

1882 मध्ये रोव्हर्स एफए कपच्या अंतिम सामन्यात पोहोचले. उत्तरेतला कुठलाही संघ त्याआधी तिथवर गेला नव्हता. ओल्ड इटोनियन्सने, म्हणजे ईटन या बड्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाने, त्यांना 1-0 ने हरवलं. पुढच्या वर्षी त्याच इटोनियन्सना हरवून कप उत्तरेत आणला तो ब्लॅकबर्न ऑलिंपिकने. हा याच गावातला दुसरा क्लब, विणकर आणि कामगारांचा; तो पुढे काही वर्षांतच बंद पडला. मग 1884, 1885 आणि 1886 असा सलग तीनदा कप रोव्हर्सने जिंकला. 1885 मध्ये फुटबॉल संघटनेला व्यावसायिक खेळाडूंना मान्यता द्यावीच लागली. आज फुटबॉलपटूंना मिळणाऱ्या पैशांबद्दल आपण बोलतो, त्या सगळ्याची सुरुवात ज्या भांडणातून झाली त्यात हे गाव अगदी पुढे होतं. माझ्या मते क्लबच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, 1995 सुद्धा नाही.

1888 मध्ये बारा क्लबांनी फुटबॉल लीग सुरू केली, त्यात रोव्हर्स होते. 1992 मध्ये सर्वांत वरच्या विभागाची प्रीमियर लीग सुरू झाली, तेव्हाही होते. दोन्हींच्या संस्थापकांत असलेले क्लब तीनच: ॲस्टन व्हिला, एव्हर्टन आणि ब्लॅकबर्न.

1912 आणि 1914 ची लीग विजेतेपदं बॉब क्रॉम्प्टनच्या कप्तानीखाली आली. हा बचावपटू ब्लॅकबर्नचाच, सगळी कारकीर्द याच क्लबात काढली आणि इंग्लंडसाठी 41 सामने खेळला. 1928 मध्ये हडर्सफील्डला हरवून सहावा एफए कप मिळाला. तोवर गाव मात्र उतरणीला लागलं होतं. भारतातल्या गिरण्या, जपानी माल आणि आपली स्वदेशी चळवळ, या सगळ्यांमुळे मागणी आटली आणि गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. 1931 मध्ये गांधीजी डार्वेनला जाऊन बेकार झालेल्या कामगारांना भेटले, ते याच दिवसांत. 1936 मध्ये रोव्हर्स पहिल्यांदा वरच्या विभागातून खाली घसरले. पुढची काही दशकं वर-खाली होण्यात गेली. 1966 नंतर तर पंचवीसहून अधिक वर्षं वरचा विभाग दिसलाच नाही.

मग आले जॅक वॉकर. गावातलेच, लहानपणापासून रोव्हर्सचे चाहते, पोलादाच्या धंद्यात मोठे झालेले. 1991 मध्ये क्लब हातात घेऊन त्यांनी केनी डॅल्ग्लिशला व्यवस्थापक म्हणून आणलं, ॲलन शिअररला घेतलं आणि ईवूड पार्क हे क्लबचं मैदान जवळजवळ नव्याने बांधलं. 14 मे 1995 ला, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, रोव्हर्स लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर त्यांच्याकडून 2-1 ने हरले. पण तिकडे मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमने बरोबरीत रोखलं आणि 89 विरुद्ध 88 अशा एका गुणाने विजेतेपद ब्लॅकबर्नला मिळालं. शिअररचे त्या हंगामात लीगमध्ये 34 गोल झाले. ‘पैशाने विकत घेतलेलं यश’ असं लोक म्हणतात, ते मला पटत नाही. पैसा होताच, पण तो गावातच वाढलेल्या माणसाने आपल्या गावासाठी लावला होता.

1999 मध्ये घसरण, 2001 मध्ये पुनरागमन आणि 2002 मध्ये टॉटनहॅमला हरवून लीग कप हा बाद पद्धतीचा दुसरा चषक. वॉकर 2000 मध्येच गेले होते.

नोव्हेंबर 2010 मध्ये वेंकीजने क्लब घेतला. महिन्याभरातच अनुभवी सॅम अलार्डाइसला काढून स्टीव्ह कीनला नेमलं. मे 2012 मध्ये संघ प्रीमियर लीगबाहेर पडला, आणि ज्या सामन्यात ते ठरलं त्यात प्रेक्षकांनी निषेध म्हणून मैदानात कोंबडी सोडली. 2017 मध्ये संघ तिसऱ्या स्तरावर गेला. प्रीमियर लीग जिंकलेल्या क्लबवर अशी वेळ पहिल्यांदाच आली होती. टोनी मोब्रेने एका वर्षात संघ परत वर आणला. मालकांनी वर्षानुवर्षं तोटा सोसून क्लब चालू ठेवला, हेही खरं. तरी तिथल्या चाहत्यांचा राग मला समजतो. मालक परदेशी आहेत यापेक्षा ते मैदानावर फिरकत नाहीत आणि चाहत्यांशी बोलत नाहीत, हे त्यांचं मुख्य गाऱ्हाणं आहे. पुण्याचं नाव जोडलेलं आहे म्हणून तुम्ही या क्लबला पाठिंबा देणार असाल तर जरूर द्या, फक्त सुरुवात 2010 पासून करू नका, 1882 पासून करा.