स्टुटगार्टला येताय ना? मग चर्चबद्दल जरा सविस्तर

सलाम भाऊ,

तुमचा प्रश्न वाचला. नोकरी पक्की, व्हिसा हातात, ऑगस्टात पुण्याहून स्टुटगार्ट, सोबत बायको आणि तिसरीतली मुलगी. घर, शाळा, विमा याबद्दल बाकीच्यांनी भरपूर सांगितलंय. पण तुम्ही शेवटी जे विचारलंत, "आम्ही सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मूळ नगरकडचे. तिथे मंडळी, म्हणजे आपलं चर्च, मिळेल का, मराठी उपासना असते का, आणि तो चर्च टॅक्स खरंच कापतात का", त्याला कुणी हातच लावला नाही. मीही नगरचीच, 2013 पासून इथे आहे. म्हणून लिहिते. लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी पैशांचं, कारण त्याचा निर्णय आल्या आल्या घ्यावा लागतो. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कचेरीत पत्त्याची नोंद करायची असते. त्या फॉर्मवर धर्माचा एक रकाना आहे. तिथे 'एव्हांगेलिश' (म्हणजे आपण, प्रॉटेस्टंट) किंवा 'काथोलिश' लिहिलंत की ते टॅक्स खात्याला कळतं आणि पगारातून किर्खेनश्टॉयर, म्हणजे चर्च टॅक्स, कापायला सुरुवात होते. आपल्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये (स्टुटगार्टचं राज्य) आणि बायर्नमध्ये (बव्हेरिया) तो 8 टक्के, बाकी जर्मनीत 9. व्हॉट्सअ‍ॅपवर लोक घाबरवतात तसा पगाराच्या 8 टक्के नाही हं, इन्कम टॅक्सच्या 8 टक्के. समजा वर्षाचा इन्कम टॅक्स 9,000 युरो बसला, तर चर्चचा 720. महिन्याला 60. वर्षाच्या रिटर्नमध्ये ही रक्कम वजावटीतही धरता येते. घरी दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला, देत असाल तर त्यापुढे हे काहीच नाही.

सरकार चर्चसाठी वसुली का करतं, असं मलाही वाटलं होतं. 1919 च्या वायमार राज्यघटनेनं चर्चला हा हक्क दिला आणि 1949 च्या घटनेत ती कलमं तशीच उचलली गेली. वसुलीचा मोबदला सरकार त्यातून कापून घेतं, फुकट काही नाही. फ्रायकिर्खे म्हणतात त्या मंडळ्या (बाप्टिस्ट, पेंटेकोस्टल वगैरे) साधारणपणे हा टॅक्स घेत नाहीत, त्या आपल्यासारख्या वर्गणीवर आणि दानावर चालतात.

आता आमचा मूर्खपणा सांगते, म्हणजे तुम्ही तो करणार नाही. ह्यांच्या ऑफिसातल्या एका भारतीय मित्रानं सल्ला दिला, 'काही नाही' लिहा, पैसे वाचतील, चर्चला जायला कोण अडवतंय. अडवत कुणीच नाही, ते खरं. आम्ही तसं लिहिलं. परत येताना ट्राममध्ये दोघंही गप्प. माझे आजोबा नेवाशाकडच्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते, पंचवीस-तीस वर्षं मंडळीचा हिशेब त्यांनी ठेवला, आणि मी सरकारी कागदावर 'काही नाही' लिहून आले होते. तीन वर्षांनी धाकटीचा बाप्तिस्मा करायचा म्हणून पाळकबाईंकडे, म्हणजे चर्चच्या पास्टरबाईंकडे, गेलो (हो, इथे निम्म्या ठिकाणी पाळक बाईच भेटतील, सवय करा). त्यांनी विचारलं, तुमच्यापैकी सभासद कोण? आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. त्या हसल्या, ड्रॉवरमधून एक पानी फॉर्म काढला आणि म्हणाल्या, बाप्तिस्म्याचा दाखला आणा. माझा दाखला निळ्या शाईतला, पाळकसाहेबांच्या हातचा, घडीवर फाटलेला. अधिकृत भाषांतर करून घेतलं, सह्या केल्या, झालं. आपला बाप्तिस्मा इथे मानला जातो, पुन्हा घ्यावा लागत नाही. तेव्हा दाखले आधीच नीट काढून ठेवा, तिघांचेही.

तुमच्यासोबत वसईचे कुणी कॅथलिक असतील तर त्यांना एवढंच सांगा की त्यांच्याकडे हे प्रकरण जास्त कडक आहे. सरकारी कचेरीत जाऊन चर्चमधून नाव काढलं तर साक्रामेंत (चर्चचे पवित्र संस्कार) मिळत नाहीत, असा जर्मन बिशपांचा 2012 चा आदेश आहे. बाकी मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, जगात कुठेही मिस्साच, त्यांचं आपल्यापेक्षा सोपं.

आता मंडळी. इथे घराच्या पत्त्यावरून मंडळी ठरते. तुमची गल्ली ज्या गेमाइंडेत, म्हणजे पॅरिशमध्ये, येते तिचे तुम्ही आपोआप सभासद. दुसरीकडे नाव नेता येतं, पण अर्ज करून. दर दोन-तीन महिन्यांनी टपालपेटीत गेमाइंडेब्रीफ नावाची छापील पुस्तिका पडेल: उपासनेच्या वेळा, बाप्तिस्मे, लग्नं, मयत, म्हाताऱ्यांचे वाढदिवस, सगळं त्यात. ती कचऱ्यात टाकू नका. पहिली दोन वर्षं मी जाहिरात समजून टाकत होते.

पहिल्या रविवारी धक्का बसेल. आपल्याकडे दारातच चारजण सलाम करतात, कुणाचे कोण विचारतात, उपासनेनंतर अर्धा तास अंगण सुटत नाही. इथे चारशे माणसांच्या देवळात (आपण चर्चच्या इमारतीला म्हणतो ते) पंचवीस पांढरी डोकी, एकेक बाक सोडून बसलेली. प्रत्येकजण आपल्या जागी येऊन आधी क्षणभर उभा राहतो, मनात प्रार्थना करतो, मग बसतो. भिंतीवर लाकडी फळीला गीतांचे आकडे लावलेले असतात, कुणी पुकारत नाही. ऑर्गन सुरू झाला की पुस्तक उघडायचं. पेटी नाही, तबला नाही, झांज तर नाहीच. तासाभरात सगळं आटोपतं. व्युर्टेम्बर्गची उपासना जर्मनीत फार साधी समजतात: प्रवचन, गीतं, प्रार्थना, बस. प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) दर रविवारी नसतं. अमेरिकन मिशनच्या वळणात वाढलेल्या माणसाला हे परकं वाटत नाही, फक्त थंड वाटतं.

एक गोष्ट मात्र मला पहिल्याच दिवशी आवडली. प्रभूची प्रार्थना सुरू झाली की बाहेर मनोऱ्यातली घंटा वाजायला लागते. शेजारच्या आजींना विचारलं, का? म्हणाल्या, जे घरी आजारी आहेत त्यांना कळावं, आत्ता म्हणायची. नंतर धाकटीला ताप असला की मी घरी खिडकी उघडी ठेवून वाट बघायची.

तुम्हाला कुणी आत ओढून घेणार नाही, हे पक्कं धरून चाला. त्यात अपमान नाही. इथल्या माणसाला वाटतं, तुम्हाला एकटं राहायचं असेल, कशाला त्रास द्या. मी सहा महिने बाक गरम करून घरी येत होते आणि आईला फोनवर रडून सांगत होते की इथे मंडळी मेली आहे. शेवटी उपासनेनंतरच्या कॉफीच्या वेळी न विचारता कप विसळायला लागले. तेवढंच. पुढच्या रविवारी दोन बायकांनी नाव विचारलं, महिन्याभरात मी कॉफीच्या यादीत होते. इथे यादीत नाव आलं की तुम्ही घरचे. जर्मन भाषा कच्ची आहे म्हणून थांबू नका, कप विसळायला व्याकरण लागत नाही.

त्याच कॉफीवर एक प्रश्न हमखास येईल: तुम्ही ख्रिस्ती कधी झालात? मी सांगते, माझे पणजोबा झाले. मग विचारतात, म्हणजे केरळ? नाही, महाराष्ट्र. अमेरिकन मिशन नगरला 1831 मध्ये आलं, हे ऐकून त्यांच्या भुवया वर जातात. एकदा एका आजोबांनी उलट मलाच विचारलं, मंगळूर माहीत आहे का? स्वित्झर्लंडचं बाझल मिशन 1834 मध्ये तिथे गेलं, त्यात इथली, स्टुटगार्टकडची माणसं पुष्कळ होती. आपल्याकडच्या जुन्या बंगल्यांवरची मंगळुरी कौलं त्या मिशनच्या कारखान्यातून सुरू झाली, हे मला स्टुटगार्टमध्ये कळलं.

जानेवारीत एक काम नक्की करा. शहरातल्या लेओनहार्ड्सकिर्खेमध्ये 1995 पासून दर हिवाळ्यात सात आठवडे फेस्परकिर्खे चालते. देवळातच टेबलं मांडतात, बेघर, एकटे, पेन्शनवर भागत नाही असे लोक येतात, अगदी थोड्या पैशांत गरम जेवण मिळतं. वाढायला स्वयंसेवक लागतातच. आपल्या कापणीच्या सणाच्या जेवणाची आठवण येईल, फक्त इथे बाहेर बर्फ आणि आत टेबलाखाली लोकांची कुत्री. मी पाव कापते. बाराशे पाव कापले की जर्मनही सुधारतं.

मुलीचं बघू. शाळेत धर्मशिक्षण हा रीतसर विषय आहे, एव्हांगेलिश आणि काथोलिश वेगळे तास. शब्बाथशाळेला (मुलांच्या रविवारच्या बायबलवर्गाला) इथे किंडरकिर्खे म्हणतात. काही ठिकाणी दर रविवारी, काही ठिकाणी महिन्यातून एकदा, मुलं किती उरलीत त्यावर. नाताळच्या आदल्या संध्याकाळी मुलांचं गोठ्याचं, म्हणजे येशूजन्माचं, नाटक असतं आणि त्या एका दिवशी देऊळ ओसंडून वाहतं. ऑक्टोबरातच नाव द्या, नाहीतर मेंढीसुद्धा व्हायला मिळणार नाही. शेवटी दिवे मालवून 'शांत रात्री'ची (सायलेंट नाइट) तीच चाल सुरू होते, तेव्हा मराठीत म्हणा बिनधास्त. चौदाव्या वर्षाच्या आसपास दृढीकरण (कन्फर्मेशन). त्याचा थाट आपल्या साखरपुड्याएवढा.

मराठी उपासना? स्टुटगार्टमध्ये मला तरी भेटलेली नाही. आसपासच्या गावांतली आम्ही पाच-सहा घरं नाताळनंतरच्या शनिवारी जमतो, कुणाच्या तरी बैठकीत रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं होतात, मी जुन्या पेटीवर साथ करते, शेजाऱ्यांना आदल्या दिवशी चिठ्ठी देऊन ठेवतो. रात्री दहानंतर आवाज चालत नाही. इंग्रजी हवी असेल तर शहरात अँग्लिकन मंडळी आहे, आपल्या सीएनआयच्या माणसाला तिथली उपासना चटकन ओळखीची वाटते. भारतीय ख्रिस्ती लोकांच्या फेलोशिपाही (प्रार्थनेला जमणारे गट) आहेत. तिथे प्रेम मिळेल, बिर्याणी मिळेल आणि कोणाला कुठे किती पगार तेही कळेल. जा जरूर, पण फक्त तिथेच जाऊ नका. आमच्या ओळखीतली काही कुटुंबं दहा वर्षांनंतरही गल्लीतल्या देवळाच्या आत गेलेली नाहीत, आणि घरात मयत झाली तेव्हा कुणाला फोन करायचा हे त्यांना माहीत नव्हतं.

त्यावरून आठवलं. माझे वडील 2019 च्या जूनमध्ये नगरला गेले. तिकीट मिळेपर्यंत माती झाली होती. इथे आगमनकाळाच्या (नाताळआधीचे चार रविवार) आधीच्या रविवारी वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात, प्रत्येक नावाला एक मेणबत्ती. वडील काही त्या मंडळीचे सभासद नव्हते, तरी पाळकबाईंनी आपणहून विचारलं, त्यांचं नाव घेऊ का. मी कागदावर जयवंत लिहून दिलं. जर्मनमध्ये 'जे'चा उच्चार 'य' होतो, म्हणून त्या आदल्या दिवशी घरी येऊन बसल्या आणि 'यायवांट'चं 'जयवंत' होईपर्यंत म्हणत राहिल्या. रविवारी बरोबर म्हणाल्या. कॉफीवाल्या आजींनी माझा हात धरून ठेवला होता, बोलल्या काहीच नाहीत.

सामानात 'उपासना संगीत' या आपल्या गीतपुस्तकाच्या दोन प्रती टाका, इथे मिळत नाही. दाखल्यांचं सांगितलंच. मंडळीच्या पाळकसाहेबांकडून लेटरहेडवर सभासदत्वाचं पत्र घ्या, इंग्रजीत चालेल, शिक्का असला की इथल्या लोकांना बरं वाटतं. जमलं तर नगरहून चिवडा.

घर ठरलं की पत्त्याचा पिनकोड पाठवा. तुमची मंडळी कोणती लागते ते बघून सांगते, आणि पहिल्या रविवारी मी येईन सोबत.